व्हॉल्व्ह अँप्लिफायर आणि आमच्या घराचं अर्थिंग

व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांच्या, हेडफोन अँप्लिफायरबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात ऊब, गोडवा, मखमल असले शब्द असतात. अर्थिंग हा शब्द कुठे सापडत नाही. माझ्या बाबतीत मात्र सुरुवातीचे आठवडे गाण्यापेक्षा अर्थिंगवरच जास्त बोलणं झालं. वायरमनशी झालं, सोसायटीच्या सेक्रेटरींशी झालं आणि सगळ्यात जास्त आईशी. दादरमधल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्या कुणाच्या डोक्यात हे खूळ शिरलं असेल, तर त्याने पुढचं वाचावं.

माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० आहे. ३०० ओहमचा, म्हणजे विजेला बराच अडथळा करणारा, आणि ओपन-बॅक, म्हणजे मागची बाजू बंद नसून जाळीची. फोनच्या डोंगलवर, म्हणजे फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या तुकड्यावर, तो वाजतो, पण आवाज पार वरपर्यंत न्यावा लागतो आणि जुनं, हलक्या पातळीवर मुद्रित केलेलं ख्यालाचं रेकॉर्डिंग असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. साधा ट्रान्झिस्टरचा अँप घेतला असता तर निम्म्या पैशांत काम झालं असतं, हे मला घेण्याआधीही माहीत होतं. पण हौसेला मोल नसतं, आणि हौस मला व्हॉल्व्हची होती.

त्यातही मला ओटीएल हवा होता, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. आठ ओहमचा स्पीकर चालवायचा तर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मध्ये सहसा ट्रान्सफॉर्मर लागतो, कारण व्हॉल्व्हला व्होल्टेज देणं सोपं जातं आणि करंट देणं जड. तीनशे ओहमचा हेडफोन मात्र करंट कमी मागतो, म्हणून तो ट्रान्सफॉर्मरशिवाय, फक्त कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) मध्ये घालून चालवता येतो. माझ्या अँपमध्ये दोनच व्हॉल्व्ह आहेत. पुढचा ६एसएन७, तो व्होल्टेज वाढवतो. मागचा ६एएस७, तो करंट पुरवतो. प्रत्येकाच्या काचेत दोन-दोन ट्रायोड, म्हणजे एकाच काचेत दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह, त्यामुळे डावा-उजवा कान एकाच बाटलीत नांदतात. यातला ६एएस७ मुळात गाण्यासाठी बनलेलाच नाही. पॉवर सप्लायचं व्होल्टेज स्थिर ठेवण्याचं रुक्ष काम त्याच्या नशिबी होतं. आणि ६एसएन७ तर १९४५ साली तयार झालेल्या एनियाक संगणकातही होता. त्या संगणकात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि आकडे मोजणाऱ्या भागात हाच गडी होता. रडार, टीव्ही, संगणक असं सगळं करून म्हातारपणी तो माझ्याकडे भूप ऐकवायला आला.

अँप चिनी बनावटीचा, वापरलेला, मुलुंडच्या एका गृहस्थांकडून घेतला. त्यांनी पैसे मोजायच्या आधी मला टेबलाशी बसवलं आणि व्हॉल्व्ह कसे काढायचे ते दाखवलं. काच धरून ओढायचं नाही, खालचा काळा बेस धरायचा आणि किंचित डोलवत वर घ्यायचं. बेसला आठ पिना आणि मध्ये एक जाड खुंटी असते, खुंटीला कंगोरा असतो, सॉकेटला त्याची खाच. ती जुळल्याशिवाय व्हॉल्व्ह आत जात नाही. "आधी व्हॉल्व्ह काढा, मग पेटी उचला," ते म्हणाले. "आणि रॅकवर ठेवू नका हो, मांडीवर घ्या." व्हॉल्व्ह त्यांनी जुन्या मोज्यांत गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात भरून दिले. रविवार होता, म्हणजे मेगाब्लॉक होता, म्हणजे गाडी उशिरा आणि भरगच्च. ट्रान्सफॉर्मरमुळे पेटी चांगलीच जड. दादरला उतरेपर्यंत मांड्यांना मुंग्या आल्या होत्या. डबा मी छातीशी धरून उतरलो आणि मागून एकाने "काय दादा, पुरणपोळ्या का?" म्हणून विचारलंच.

चालू करण्याची रीत साधी आहे. हेडफोन काढून ठेवायचा, आवाज शून्यावर, मग स्विच. क्षणभर काहीच होत नाही. मग ६एएस७च्या पोटात नारिंगी रेघा उमटतात, त्यानंतर ६एसएन७मध्ये, पण तिथे उजेड इतका मंद की ट्यूबलाइट चालू असेल तर दिसतही नाही. मिनिटभराने हेडफोन लावायचा. आधी लावून ठेवला तर आउटपुटचा कंडेन्सर चार्ज होताना कानात धप्पकन आवाज येतो आणि तो हेडफोनला चांगला नाही.

मी हेडफोन लावला. गाणं अजून लावलं नव्हतं. कानात गुंऽऽऽ.

हा पन्नास हर्ट्झचा हम. पट्टीचे कान असलेल्यांना सांगतो, काळी एकचा सा धरला तर हा मंद्राच्याही खाली, अतिमंद्रातल्या पंचमाच्या जरा खाली येतो. मुलुंडला हा नव्हता. व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवले. तारा बदलल्या. मग सहज म्हणून पेटीच्या धातूला बोट लावलं आणि हम जवळजवळ गेला. बोट काढलं, परत आला. आवाजाच्या खुंट्यावर हात ठेवला, गेला. म्हणजे गाणं ऐकायचं तर एक हात कायम अँपच्या पाठीवर ठेवून बसायचं.

याचा अर्थ कळायला मोठी अक्कल लागत नाही. धातूची पेटी अर्थला जोडलेली नसेल तर ट्रान्सफॉर्मरमधून झिरपणारी थोडी वीज तिच्यावर चढून बसते, आणि व्हॉल्व्हच्या आतले भाग ती पकडतात. माझा हात लागला की तिला वाट मिळते. प्लगला तीन पिना होत्या, सॉकेटला तीन भोकं होती. म्हणजे तिसऱ्या भोकामागे काही नव्हतं.

वायरमनला बोलावलं. त्याने पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. एक टोक फेजमध्ये, एक न्यूट्रलमध्ये, बल्ब लागला. दुसरं टोक न्यूट्रलमधून काढून अर्थच्या भोकात घातलं. अंधार. त्याने स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, सगळीकडे तेच केलं. सगळीकडे अंधार. "साहेब, खालून वर दोनच तारा आल्यात. तिसरी आलीच नाहीये. हे भोक शोभेचं आहे." आमची इमारत जुनी, वायरिंग लाकडी पट्टीतलं, वरच्या प्लॅस्टिकच्या केसिंगने झाकलेलं. मध्ये कधीतरी बोर्ड नवे बसवले गेले, पण त्यामागची तार कुणी ओढलीच नाही.

आई दारात उभी राहून ऐकत होती. "तरीच फ्रिज उघडताना झिणझिण्या येतात," ती म्हणाली. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे, पहिल्यापासून, म्हणून तर मी चप्पल घालून उघडते. घरात स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही हा नियम सगळ्यांना, आणि फ्रिजसमोर मात्र एक निळी स्लिपर कायम पडलेली. ती का, हे मी इतकी वर्षं विचारलंच नव्हतं.

मीटर रूममधून हिरवी तार वर आणायची तर सोसायटीची परवानगी हवी. सेक्रेटरींना सांगितलं, काका, अर्थिंग नाहीये. त्यांना वाटलं मी एसी बसवतोय. हेडफोनसाठी, असं सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. पण फ्रिजच्या झिणझिण्यांचं सांगताच परवानगी मिळाली, आणि वर "आमच्याकडेही येतात रे" अशी माहितीही मिळाली. तार आली, सोबत ईएलसीबीही बसवून घेतला. तीस मिलिअँपिअर वीज भलतीकडे जायला लागली की तो लाइन तोडतो. संध्याकाळी गीझर लावला आणि खटकन सगळं घर अंधारात. गीझरचा एलिमेंट आतून लीक होत होता. आजवर त्या विजेला जायला वाट नव्हती, म्हणून कळत नव्हतं. एलिमेंट बदलला. अँपची किंमत विचारणारे विचारतात, त्यांना मी हा सगळा खर्च धरूनच सांगतो.

एक मात्र गंभीरपणे सांगायला हवं. या पेटीच्या आत शंभराच्या वर व्होल्ट डीसी असतात आणि बंद केल्यानंतरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. बाहेर धातू, आत ही स्थिती, आणि अर्थ नाही. हम नसता आला तरी अशा सॉकेटवर ही वस्तू लावू नये. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अॅडॅप्टर लावून चालवणारे बरेच आहेत. त्यांना कोपरापासून नमस्कार.

अर्थ मिळाल्यावर हम गेला. उरली ती एक बारीक कुरकुर, तीही फक्त लॅपटॉप चार्जरवर असताना. चार्जर काढून बॅटरीवर ठेवला की तीही गायब. आता लॅपटॉप आधी चार्ज करायचा आणि मग ऐकायला बसायचं, एवढीच शिस्त.

आता आवाजाचं. इथे लोक कविता करतात, म्हणून मी जरा हिशेबाने घेतो. मल्टिमीटर लावून ४०० हर्ट्झच्या टोनवर डोंगल आणि अँप यांचा आवाज सारखा केला. हे केल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही, कारण जे किंचित मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. सारखा केल्यावर फरक बराच आटला. पण उरला.

किशोरीताईंचा भूप लावला. तानपुऱ्यात काही फरक जाणवला नाही. डग्ग्यात जाणवला. घुमारा जरा भरीव, मींड ओढताना जास्त वेळ रेंगाळणारी. याला जादू म्हणायची गरज नाही, त्रैराशिक पुरतं. ओटीएलचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा त्याचा आतला अडथळा, बराच असतो, धरा १०० ओहम. एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा, पण १०० हर्ट्झच्या जरा खाली त्याचा इंपीडन्स सुमारे ५०० पर्यंत चढतो. मधल्या स्वरांना ४०० पैकी ३००, म्हणजे ७५ टक्के व्होल्टेज हेडफोनला मिळतं. त्या खालच्या टापूत ६०० पैकी ५००, म्हणजे ८३ टक्के. फरक साधारण ०.९ डेसिबल. डग्गा नेमका त्या टापूत घुमतो. म्हणजे ज्याला ऊब म्हणतात तिचा मोठा वाटा व्हॉल्व्हचा नसून या भागाकाराचा आहे. ट्रान्झिस्टर अँपच्या वाटेत शंभर ओहमचा रेझिस्टर टाकला तरी एवढा भाग साधेल.

दुसरा वाटा खरोखर व्हॉल्व्हचा. ट्रायोडमधून जी विकृती येते तिच्यात दुसरा हार्मोनिक सगळ्यात मोठा असतो, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट. षड्जाला तो तार षड्ज देतो. तिसरा हार्मोनिक तार पंचम देतो. तानपुऱ्याच्या एकाच तारेत हे सगळं आधीच ओतप्रोत भरलेलं असतं, त्यामुळे त्यात अजून थोडी भर पडली तर खटकत नाही, किंबहुना कळतही नाही. मला वाटतं तानपुऱ्यात फरक न जाणवण्याचं कारण हेच. गायकाच्या आवाजात, विशेषतः एकट्या, सुट्या स्वरात, किंचित जाणवतं. आवाज जरा पुढे येऊन बसल्यासारखा वाटतो. डोळे मिटून दहापैकी दहा वेळा ओळखीन, असा दावा मी करणार नाही.

जुन्या रेकॉर्डिंगांबद्दल एक युक्तिवाद ऐकवला जातो. १९२५ नंतर मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह अँप्लिफायर वापरून ध्वनिमुद्रण व्हायला लागलं, म्हणून केसरबाईंच्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या व्हॉल्व्हवरच ऐकाव्यात, म्हणजे मूळ आवाज मिळतो. हे काही पटत नाही. त्या तबकडीत व्हॉल्व्हचा परिणाम एकदा शिरलेला आहेच, पुन्हा शिरवून मूळ कसं मिळेल? खव्याच्या पोळीवर वरून खवा पेरण्यासारखं आहे ते. चव लागेलही, पण मूळ म्हणू नये. केसरबाई मला अँपवर आवडल्या, पण सुईची खरखरही तितक्याच प्रेमाने ऐकू आली.

आतेभाऊ आला होता. त्याने आपले ३२ ओहमचे इयरफोन लावून पाहिले आणि तोंड वाकडं केलं. बरोबरच आहे. वर दिलेल्याच हिशेबाने १३२ पैकी ३२, म्हणजे चोवीस टक्केच त्याच्या पदरात. एवढा करंट पुरवताना ६एएस७ची दमछाक होते, खालचे स्वर ढिले पडतात, आणि इयरफोन संवेदनशील असल्यामुळे मला ऐकू न येणारा उरलासुरला हम त्याला स्पष्ट ऐकू येतो. त्याला मी सांगितलं, तू यातलं काही घेऊ नकोस. दोन-अडीचशे ओहमच्या वरचा हेडफोन असेल तरच या वाटेला जावं, ही माझी साधी चाळणी आहे.

जोडीला जादा व्हॉल्व्ह असावेत म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. जिथे पूर्वी रेडिओचं सामान मिळायचं तिथे आता सीसीटीव्ही आणि लॅपटॉपचे चार्जर. एका गल्लीतल्या दुकानदाराने मात्र वरच्या फळीवरून धुळीने माखलेला खोका काढला. "ये अभी कौन लगाता है?" म्हणत त्याने माझ्यापुढे ओतला. त्यात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह होते, निळ्या-पांढऱ्या कागदी डब्यांत, पण सगळे नऊ पिनांचे, रेडिओतले. माझ्या आठ पिनांच्या सॉकेटला त्यांचा उपयोग शून्य. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या रेडिओंच्या ढिगात एक आठ पिनांचा सापडला, पण त्याच्या काचेच्या आतला चंदेरी मुलामा दुधासारखा पांढरा झाला होता. हा मुलामा आत उरलीसुरली हवा शोषून घ्यायला लावलेला असतो. तो आरशासारखा असेल तर व्हॉल्व्ह शाबूत, पांढरा पडला म्हणजे हवा शिरली, मेला. विकणाऱ्याने "साब, एकदम चालू है" म्हटलं. मी परत ठेवला. शेवटी रशियन बनावटीचे ऑनलाइन मागवले. ६एसएन७च्या जागी तिकडचा ६एन८एस बसतो आणि ६एएस७च्या जागी ६एन१३एस. मागवताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे रशियन लिपीतला एन रोमन एचसारखा दिसतो आणि एस सीसारखा, म्हणून विकणारे ६एच८सी असंही लिहितात. वस्तू एकच.

बदलून काय झालं? पुढचा व्हॉल्व्ह बदलल्यावर पार्श्वभूमी जरा स्वच्छ झाली. मागचा बदलून मला काहीही फरक कळला नाही. यावर पानंच्या पानं लिहिणारे लोक आहेत, त्यांचे कान त्यांना लखलाभ.

व्हॉल्व्हला कानही असतात, हे मात्र नवीन कळलं. काचेवर नखाने टिचकी मारली तर हेडफोनमध्ये टिंग् ऐकू येतं, कारण आतल्या जाळ्या हलतात आणि ते हलणं आवाज म्हणून पुढे जातं. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचं काम चालू आहे. दिवसा तिथे पायलिंग सुरू झालं की तो ठोका मला दोनदा ऐकू येतो, एकदा ओपन-बॅक हेडफोनच्या जाळीतून थेट आणि एकदा टेबलातून व्हॉल्व्हमार्फत. पेटीखाली रबरी मॅट घातल्यावर दुसरा बराच कमी झाला. पहिल्याला इलाज नाही.

उष्णतेचं वेगळं सांगायला नको. ६एएस७चा नुसता हीटरच ६.३ व्होल्टवर अडीच अँपिअर घेतो, म्हणजे जवळपास सोळा वॅट काचेच्या आत निव्वळ तापायला जातात. मे महिन्यात आई म्हणाली, "हा हीटर कशाला लावलायस बाबा?" नाव अचूक होतं. सगळी पेटी मिळून ५० वॅट धरली तर २० तासांना एक युनिट, म्हणजे बिलाला फार काही नाही. पण पंखा लावला तर ओपन-बॅकमधून पंखा ऐकू येतो आणि बंद केला तर घाम हेडफोनच्या गाद्यांत मुरतो. म्हणून उन्हाळ्यात मी पंखा एकवर ठेवून रात्री उशिरा ऐकतो. पावसाळ्यात वेगळा त्रास. दमट हवेने पिना काळवंडतात आणि एका कानात चरचर सुरू होते. व्हॉल्व्ह पूर्ण थंड झाल्यावर काढून पिना स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या, दोन-तीनदा आत-बाहेर केल्या की थांबते.

सध्या एकच तक्रार उरली आहे. आवाजाचा खुंटा अगदी खाली असताना डावा कान उजव्यापेक्षा मोठा वाजतो आणि घड्याळातल्या नऊपर्यंत फिरवल्यावरच दोन्ही सारखे होतात. स्वस्त पोटेन्शिओमीटरचा हा नेहमीचा दोष. बदलायला चांगला, अल्प्स कंपनीचा मिळतो, सोल्डरिंग वायरमनचा मुलगा करून देईन म्हणालाय. तोवर लॅपटॉपमधून आवाज थोडा कमी सोडतो आणि खुंटा दहावर ठेवतो. वायरमन सध्या दुसऱ्या मजल्यावर आहे. सेक्रेटरींच्या घरी हिरवी तार ओढायचं काम चालू आहे.